खडाखडी

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, रानाच्या कुशीत, दरेकसा नावाचे एक लहानसे गाव आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्थानके मागे टाकीत येथवर येतो आणि पुढे डोंगरातून वाट काढीत छत्तीसगडात शिरतो. जवळच हाजरा धबधबा आहे. कचारगडच्या प्रचंड गुहाही याच मुलखात आहेत. माघ पौर्णिमेला तेथे गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. मी त्या गुहा पाहून परतलो होतो आणि गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत दरेकशाच्या फलाटावर बसलो होतो. गाडीला अवकाश होता. एकामागून एक मालगाड्या धडधडत निघून जात होत्या.

माझ्या शेजारच्या बाकावर दोन भावंडे बसली होती. बहीण तेरा वर्षांची असेल, भाऊ दहाचा. त्यांचे वडील नागपुरास बांधकामावर कामाला होते. चार दिवसांची रजा संपवून ते त्याच गाडीने परत निघाले होते. मुलांच्या हातातला मोबाइल फोन वडिलांचा होता. गाडी आली की तो त्यांच्याबरोबर जाणार आणि पुन्हा महिन्या-दोन महिन्यांनी हाती येणार. म्हणून दोघे घाईघाईने त्यावर एक लढाईचा खेळ खेळत होती. हरेल त्याने फोन दुसऱ्याला द्यावा, असा त्यांचा करार होता. मराठी, हिंदी आणि गोंडी या तिन्ही भाषा त्यांच्या तोंडी इतक्या सहज मिसळत होत्या, की कोणती कोठे संपली हे मला कळेना.

खेळ असा होता. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात. एक आपला, दुसरा यंत्राने चालवलेला. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी असते. मार बसला की पट्टी आखडते. जिची पट्टी आधी संपते तो योद्धा हरला. भावाची पाळी आली, की त्याची बोटे काचेवर पावसासारखी पडू लागत. त्याचा योद्धा उड्या मारी, हवेत लाथा झाडी, रिकाम्या जागी ज्वाळा सोडी. समोरचा एक पाऊल मागे सरे आणि मग शांतपणे ठोसा लगावी. अर्ध्या मिनिटात पिवळी पट्टी संपे.

“फोनच खराब आहे!” भाऊ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले होते. वडिलांची गाडी येण्यापूर्वी एकदा, निदान एकदा तरी त्याला जिंकायचे होते.

बहिणीची तऱ्हा अगदी निराळी होती. तिचा योद्धा बहुतेक वेळ नुसता उभाच असे. अर्धे पाऊल पुढे, अर्धे मागे. “ताई, मार ना! आगीचा डाव कर!” असे भाऊ ओरडे आणि ती “थांब रे,” एवढेच म्हणे. समोरच्याने उडी घेतली, की ती एक कळ दाबी. तो धाडकन खाली पडे. तिने लागोपाठ दोन लढती जिंकल्या. तिसरी मात्र ती हरली.

न राहवून मी विचारले, “तुला आगीचा डाव येत नाही का?”

“येतो, काकाजी,” ती म्हणाली, “पण तो करायला वेळ लागतो. तेवढ्यात तोच मला मारतो. त्यापेक्षा तो उडी मारेपर्यंत मी थांबते. एकदा उडी मारली की त्याला हवेतून परत फिरता येत नाही.”

मुलांनो, या उत्तराने मी थक्क झालो. कारण या खेळातील मोठमोठे खेळाडू हेच करतात, आणि त्यामागे सरळ साधे गणित आहे. अशा खेळांत बहुधा एका सेकंदात साठ चित्रे पडद्यावरून सरकतात. डोळ्यांनी पाहून बोट हलवण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे तेवढ्यात पंधरा चित्रे निघून जातात. साधा ठोसा तर चार-पाच चित्रांतच येऊन आदळतो! तो पाहून अडवू म्हणणे केवळ अशक्य आहे. म्हणून जाणता खेळाडू ठोशाच्या टप्प्यात उगाच उभा राहत नाही. आणि उडी? ती पुरी व्हायला अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. ती दिसते, ओळखता येते आणि उत्तर द्यायलाही अवधी मिळतो. बहिणीने हे गणित कोठे शिकले नव्हते. पुनःपुन्हा हरून तिने ते हेरले होते.

आपल्या कुस्तीत याला फार सुंदर शब्द आहे: खडाखडी. दोन पैलवान आखाड्यात उतरतात. पण लगेच डाव टाकीत नाहीत. हाताला हात लावतात, मानेवर पंजा टाकून पाहतात, पाय मागेपुढे सरकवतात. नवख्या प्रेक्षकाला हा वेळ वाया गेलासा वाटतो. वस्तुतः अर्धी कुस्ती तेथेच होऊन जाते. समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे, तो ओढला असता पुढे येतो की मागे रेटतो, हे सारे त्या खडाखडीत कळते. पट काढणे, धोबीपछाड, कलाजंग हे डाव नंतरचे. पवित्राच चुकला असेल तर डाव शंभर येऊन काय उपयोग?

येथे मला खाशाबा जाधव यांची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे तांबड्या मातीशी त्यांची ओळख बालपणीच झाली. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेस गेले. तेथे कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. मातीत पाऊल रुतते. गादीवर ते तसे रुतत नाही, म्हणून उभे राहण्याची रीतच बदलावी लागते. मातीत प्रतिस्पर्धी चितपट झाला की कुस्ती संपली, असा आपला शिरस्ता. गादीवर मात्र ठरलेल्या वेळात कोणी चितपट झाला नाही, तर कोणाची कुस्ती सरस झाली याचा निर्णय पंच देतात. गावोगावची मैदाने मारलेला हा मल्ल तेथे जणू पुन्हा पहिल्या इयत्तेत बसला. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी मार्गदर्शकाकडून त्यांनी तेथे धडे घेतले. ५२ किलो वजनाच्या गटात त्यांचा क्रमांक सहावा लागला.

परत आल्यावर त्यांनी काय केले? चार वर्षे तालीम केली. पुढच्या वेळी, १९५२ साली, फिनलंडमधील हेलसिंकी येथे जायचे होते आणि पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. इतरांनीही यथाशक्ति वर्गणी दिली. एका शिक्षकाचे घर गहाण पडले आहे, हे ओझे मनावर घेऊन गादीवर पाऊल टाकणे किती अवघड असेल, याचा तुम्हीच विचार करा! प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्याला उलथून टाकण्याचा ‘ढाक’ हा खाशाबांचा हातखंडा डाव. पण जगातील निवडक मल्लांपुढे केवळ एका डावाच्या भरवशावर निभाव लागत नाही. त्यांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीकडून ते हरले. त्या गटाचे सुवर्णपदक पुढे इशीनेच मिळवले. खाशाबांना ५७ किलो गटात कांस्यपदक लाभले. स्वतंत्र भारतातील कोणा एका खेळाडूने जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. ते कराडला परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीत होत्या.

पडद्यावरची लढाई आणि मातीतली कुस्ती एकच, असे मात्र मी म्हणणार नाही. पडद्यापुढे घाम गळत नाही, अंग कमावले जात नाही. मला तर दहा मिनिटांतच डोळ्यांची आग होऊ लागते. तरीही १९९१ साली जपानमधील कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ काढल्यापासून अशा खेळांच्या स्पर्धा देशोदेशी भरू लागल्या. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या जातीच्या एका खेळाला पदकेही होती. २००४ साली अमेरिकेतील एका स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहारा याच्या योद्ध्याची पट्टी केसाएवढी उरली होती. प्रतिस्पर्ध्याने एकामागून एक पंधरा लाथांचा वर्षाव केला. त्यांतली एक जरी लागली असती, तरी खेळ संपला असता. दाइगोने प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी कळ पुढे दाबून ती अडवली, आणि उलट वार करून तो जिंकला. लोकांनी त्याला जादू म्हटले. जादू कसली! प्रत्येक लाथ केव्हा येते, हे त्याच्या बोटांना आधीपासून पाठ होते.

आता आपण पुन्हा दरेकशाच्या फलाटावर येऊ. पाळी बहिणीची होती. पण तिने फोन भावापुढे धरला.

“माझी पाळी तू घे,” ती म्हणाली. “पण एक अट. या वेळी मारायचे नाही. नुसते अडवायचे.”

“मग मी जिंकणार कसा?”

“नको जिंकू. तालमीच्या खोलीत चल.”

या खेळात तालमीची एक खोली असते. तेथे पट्टी संपत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला सांगू तेवढेच तो करतो. बहिणीने त्याला दोनच गोष्टी करायला लावल्या: कधी वरून ठोसा, कधी खालून लाथ. वरचा वार उभे राहून अडवायचा, खालचा वार बसून. भावाने पहिले पाच वार खाल्ले. सहाव्याला त्याची बोटे ठोसा मारायला धावली. बहिणीने त्याच्या हातावर हलकेच चापट दिली. सातवा त्याने अडवला. आठवा चुकला. नववा, दहावा, अकरावा अडवला.

“आता तो चुकून दूर लाथ मारेल, तेव्हा बघ,” ती म्हणाली. “पाय लांब केल्यावर तो परत घेईपर्यंत तो काहीच करू शकत नाही. तेवढ्यात एकच मार. एकच हं!”

पुढे ती दोघे खऱ्या लढतीत उतरली. भावाचा चेहरा घामाने डवरला होता. त्याने दोन वार अडवले, तिसरा खाल्ला, मागे सरला. समोरच्याची लाथ रिकामी गेली. भावाने एक कळ दाबली. पिवळी पट्टी आखडली, आणि या वेळी ती त्याची नव्हती. तो ओरडला नाही. पुन्हा अर्धे पाऊल मागे गेला. दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या उरल्या होत्या. मीही पुढे वाकून पाहू लागलो.

तोच वळणावरून गाडीची शिटी ऐकू आली. वडिलांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि हात पुढे केला. मुलाने क्षणभर पडद्याकडे पाहिले, मग खेळ तसाच थांबवून फोन त्यांच्या हाती दिला.

“बाबा, बंद नका करू,” तो म्हणाला. “ती लढत तशीच ठेवा.”

वडिलांनी हसून मान डोलावली. मीही त्याच डब्यात चढलो. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिले. बहीण हात हलवीत होती. भाऊ तिच्या समोर उभा होता. अर्धे पाऊल पुढे येत होता, अर्धे मागे जात होता, आणि ती केव्हा हात उगारते याकडे टक लावून पाहत होता.