शेतकऱ्याच्या घरीं लेथ व मिलिंगचें काम

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर विकावयास काढले, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी समजूत आपल्या लोकांत होती, व ते नांगर खपावयास पुष्कळ दिवस लागले. पुढें इ. स. १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. आज त्याच शेतकऱ्याच्या वस्तीवर पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी अशीं चार-पांच यंत्रें सहज आढळतात. मात्र त्यांची डागडुजी अजून परक्याच्या हातीं आहे. गहूं ओंबीवर यावा, विजेची पाळी रात्रीची असावी, आणि नेमका त्याच वेळीं पंपाचा बुश झिजून शाफ्ट हलूं लागावा, हा प्रसंग बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. बुश म्हणजे काय, तर बोटाएवढ्या लांबीची एक नळी. पण तालुक्याच्या गांवीं टर्नरकडे कामाची रांग असते. त्यांत तीन-चार दिवस जातात, आणि दाणा भरण्याच्या दिवसांत चुकलेलें पाणी मागाहून कितीही दिलें तरी भरून येत नाहीं.

असा बुश घरीं होऊं शकेल काय, असें कित्येक जण विचारतात. होऊं शकेल. परंतु त्यास यंत्रापेक्षां मापाचें ज्ञान अधिक लागतें, आणि तें नसेल तर लेथ ही एक मोठी व महाग कानसच समजावी.

आपल्याकडील कातारी ज्या चरकावर लांकूड फिरवून लाटणीं व खाटेचे पाय करतो, त्याचाच लेथ हा वंशज होय. कातारी हत्यार हातांत धरतो; लोखंडास तो जोर पुरत नाहीं. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यानें इ. स. १८०० च्या सुमारास हत्यार सरकत्या पाटावर पक्कें बसवून, तें लांब स्क्रूच्या योगानें पुढें नेऊन एकसारखे आटे पाडण्याची तजवीज पूर्णत्वास नेली. आजच्या लेथमध्यें मूळ कल्पना तीच आहे. मिलिंग यंत्रांत याच्या उलट व्यवस्था असते, म्हणजे दातेरी कटर फिरतो व काम टेबलावर बांधलेलें राहून हळूहळू त्याकडे सरकतें. गोल काम लेथवर व सपाट बाजू आणि खांचा मिलिंगवर, अशी ढोबळ वांटणी लक्षांत ठेवावी.

हीं यंत्रें हौसेखातर घरीं ठेवण्याची चाल इंग्लंडांत फार जुनी आहे. तेथें या हौशी लोकांसाठीं 'मॉडेल इंजिनिअर' नांवाचें नियतकालिक इ. स. १८९८ पासून निघूं लागलें, व १९४६ सालीं मायफर्ड कंपनीनें काढलेला सात इंच व्यासाचें काम फिरविणारा लहान लेथ तेथील परसांतल्या अनेक खोल्यांतून जाऊन बसला. ते लोक त्यावर वाफेचीं चिमुकलीं इंजिनें करीत. आपली गरज निराळी आहे. नांगराची पिन, पंपाचा बुश, पुलीची खांच, एवढें झालें तरी पुष्कळ. पण कामें जाड असल्यामुळें लेथ त्याहून मोठा हवा. साडेचार फूट बेडचा लेथ मध्यम शेतकऱ्यास बेताचा होतो. बटाला, लुधियाना व राजकोट येथें असे लेथ होतात. जुना घ्यावयाचा असेल तर बेडची धांव चकाजवळ बोटानें चांचपून पाहावी. बहुतेक काम तेथेंच होत असल्यामुळें झीजही तेथेंच होते, आणि तेथें पायरी लागली तर रंगरंगोटीस भुलूं नये. मिलिंग यंत्र मात्र पहिल्या दोन वर्षांत घेऊंच नये असें आमचें मत आहे. आणि या हौसेसाठीं सातबाऱ्यावर बोजा चढवूं नये. तो चढण्यास एक दिवस लागतो व उतरण्यास किती लागतात हें सांगणें नलगे.

आतां मापाविषयीं. जमीन मोजण्याची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. म्हणजे एक आणा सुमारें २ फुटांचा. त्या मापानें आयुष्य काढलेल्यास मिलिमीटरचा शंभरावा भाग ही थट्टा वाटते. परंतु शाफ्ट २५ मि. मी. असेल, तर त्यावर फिरणाऱ्या बुशाचें भोंक साधारण ०.०३ ते ०.०५ मि. मी. मोठें हवें. याहून घट्ट झालें तर शाफ्ट तापून धरतो, आणि पाव मि. मी. सैल झालें तर महिन्याभरांत पुनः तोच खडखडाट. म्हणून मायक्रोमीटर, व्हर्नियर व डायल गेज हीं तीन मापें आधीं घ्यावीं, व झिजलेला शाफ्ट निदान तीन ठिकाणीं मोजून कागदावर लिहावा. शाफ्ट स्वतःच खांचला असेल तर नवा बुश व्यर्थ आहे.

बुशाचें काम असें. गनमेटलचा तुकडा चकांत धरून प्रथम तोंड सपाट करावें. हत्यार शक्य तितकें आंखूड धरावें व त्याची धार शाफ्टच्या मध्यरेषेच्या बरोबर उंचीवर असावी. खालीं राहिली तर तोंडावर मध्यभागीं टोक उरतें, व हीच तिची परीक्षा. मग ड्रिलनें भोंक पाडून बोअरिंग हत्यारानें तें मापाच्या जवळ आणावें, आणि चकांतून न काढतां बाहेरची बाजूही त्याच बैठकींत कातावी. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. तीन जबड्यांच्या चकांत एकदां काढलेलें काम पुनः धरलें असतां तें पूर्वीच्या केंद्रावर बसत नाहीं, आणि आंतलें वर्तुळ बाहेरल्याशीं तिरकें होतें. पुनः धरणें भागच पडलें तर चार जबड्यांचा चक व डायल गेज वापरावा.

बाहेरचा व्यास घराच्या भोंकापेक्षां ०.०२ ते ०.०३ मि. मी. मोठा ठेवावा म्हणजे बुश दाबून पक्का बसतो. मात्र दाबल्यावर आंतलें भोंक किंचित् आवळतें. म्हणून शेवटचा हात बुश बसविल्यानंतर रीमरनें फिरवावा. बोअरिंगचें हत्यार लांब असल्यानें लवतें. यास्तव शेवटीं माप न वाढवितां तेंच हत्यार एक-दोन वेळां पुनः आंतबाहेर न्यावें. तेवढ्यानेंही थोडा कीस निघतो. चाकाच्या डायलवर एक घर फिरविलें असतां कित्येक लेथांत व्यास दोन घरांनीं उतरतो, हें आरंभींच तपासून घ्यावें. आणि स्क्रूमध्यें नेहमीं थोडी पोकळ चाल असते, म्हणून माप पुढें गेल्यास अर्धा फेरा मागें येऊन पुनः त्याच दिशेनें यावें.

वेगाचा हिशेब सोपा आहे. मऊ पोलादास हायस्पीडच्या हत्यारानें, ८००० या आंकड्यास मि. मी. मधील व्यासानें भागावें. येतील ते मिनिटाचे फेरे. ५० मि. मी. च्या कांबीस १६० व २० मि. मी. च्या कांबीस ४०० येतात. बिडास याहून कमी व पितळेस दुप्पट. बिडाचा पहिला काप उथळ घेऊं नये. त्याच्या कातडींत रेती असते व ती हत्यार खाते.

पुलीच्या भोंकांतली चावीची खांच मिलिंगशिवायही होते. मुख्य स्विच बंद करावा, गिअरमध्यें अडकवून चक जाम करावा, खांचेच्या रुंदीएवढें हत्यार आडवें धरावें, आणि हाताच्या चाकानें गाडा मागेंपुढें करून दर खेपेस मिलिमीटरचा विसावा भाग उतरवावा. अर्धा-पाऊण तास लागतो. बाहेरच्या खांचेसाठीं लेथच्या गाड्यावर उभी स्लाईड बसवितां येते. काम तिच्यावर व कटर चकाच्या जागीं. कटर तीन जबड्यांत धरल्यास तो हळूहळू बाहेर सरकून खांच खोल करतो, म्हणून कोलेट वापरावी. काम नेहमीं कटरच्या दातांच्या गतीविरुद्ध सरकवावें. दातांबरोबर सरकविलें तर हलक्या यंत्राच्या पोकळ चालीमुळें कटर कामास ओढून घेतो आणि स्वतः मोडतो.

धोक्याविषयीं लिहिल्यावांचून हा लेख छापूं नये. शेतांतला पेहराव लेथपाशीं घातक आहे. उपरण्याचा किंवा धोतराचा सोगा, सदऱ्याची लांब बाही, गळ्यांतील ताईत, यांपैकीं एकही फिरत्या कांबेंत अडकल्यास माणूस ओढला जातो, आणि यंत्र थांबावयास जो क्षण लागतो तेवढाही मिळत नाहीं. हातमोजे संरक्षणाचे वाटतात, परंतु येथें तेच हात घेतात. चकाची किल्ली चकांत विसरून स्विच दाबला तर ती गोफणीच्या दगडाप्रमाणें सुटते; म्हणून किल्ली चकांत असेपर्यंत हात तीवरून काढूं नये. कीस कधींही बोटानें ओढूं नये, आंकडीनें ओढावा. लांब कांब मागल्या बाजूनें बाहेर डोकावत असेल तर ती वेगांत वांकून सोट्यासारखी फिरते. पॉलिशपेपर बोटास गुंडाळूं नये. डोळ्यांस चष्मा असावा आणि मुलें उंबऱ्याबाहेर असावीं.

बैठक काँक्रीटची असावी. लेथ बसविल्यावर चकांत तीस मि. मी. जाड कांब थोडी बाहेर धरून, दुसरें टोक मोकळें ठेवून हलका काप घ्यावा व दोन्ही टोकांचे व्यास मोजावे. फरक आला तर बहुधा बेडास पीळ आहे असें समजून पायाखालीं पत्र्याची पातळ चकती घालावी व पुनः पाहावें. लहान लेथास एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालते. शेतीपंपाच्या जोडणीवर तो लावण्यापूर्वीं वीज कंपनीच्या कार्यालयांत लेखी विचारून उत्तर जपून ठेवावें.

शेवटची गोष्ट गंजाची. ज्या खोलींत युरिया व मिठासारखीं खतें ठेवितात तेथें लेथ ठेवूं नये. त्यांचा ओलावा एका पावसाळ्यांत बेडावर तांबडी बुरशी चढवितो. पोतें झांकण्याचीही चाल वाईट, कारण तागाचें पोतें दमट हवा धरून ठेवतें. बिडाचा कीस तर काम संपतांच ब्रशानें झाडून काढावा, नाहींतर तो तेलांत मिसळून धांवेवर कानशीचें काम करतो. नंतर फडक्यानें तेलाचा पातळ हात द्यावा. पावसाळ्यांत काम नसलें तरी आठवड्यांतून एकदां लेथ दहा मिनिटें रिकामा चालवावा, म्हणजे आंतलें तेल सर्व गिअरांवर फिरतें.