चंद्राची जांभळी कड आणि विजयदुर्गचे कट्टे

मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर एका संध्याकाळी आम्ही शाळेची दुर्बीण मांडली होती. दुर्बीण लहानच, पुढच्या भिंगाचा व्यास अवघा ६ सेंटिमीटर. अष्टमीचा चंद्र डोक्यावर आला होता. मुलांची रांग लागली होती. सातवीतला एक मुलगा डोळा लावून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, चंद्राची कड जांभळी कित्याक दिसता?" मागच्या मुलांना हसू आले. पण मी पाहिले तर खरोखरच चंद्राच्या उजळ कडेला एक बारीक जांभळी किनार होती.

चंद्र जांभळा नाही हे नुसत्या डोळ्यांनाही दिसते. मग हा रंग आला कोठून? दुर्बीण नसलेला रंग दाखवत असेल, तर तिने दाखवलेल्या मंगळाच्या तांबूसपणावर किंवा अभिजित ताऱ्याच्या निळसर पांढऱ्या रंगावर आपण विश्वास किती ठेवायचा? त्या मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

उत्तराची सुरुवात घरातल्या भिंगाने करता येते. एक वाचायचे भिंग घ्या. रात्री खोलीच्या एका टोकाला पांढरा दिवा लावा आणि दुसऱ्या टोकाला भिंगाने त्याची प्रतिमा कोऱ्या कागदावर पाडा. प्रतिमा रेखीव झाली की कागद भिंगाच्या किंचित जवळ आणा. प्रकाशाच्या ठिपक्याची कड तांबूस दिसेल. आता कागद थोडा लांब न्या. कड निळसर होईल. (हा प्रयोग दिव्यावरच करा. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळा कायमचा जाईल.)

असे का होते? काचेत शिरताना प्रकाशकिरण वाकतो, हे तुम्ही शिकला आहात. परंतु सगळे रंग सारखे वाकत नाहीत. निळा अधिक वाकतो, तांबडा कमी. म्हणून निळे किरण भिंगाच्या जवळ एकत्र येतात आणि तांबडे जरा पुढे जाऊन. कागद जवळ असताना तांबडे किरण अजून पसरलेले असतात, म्हणून बाहेरची कड त्यांची. लांब नेल्यावर आधीच एकत्र येऊन पुन्हा फाकलेले निळे किरण बाहेर दिसतात. भिंगाच्या या दोषाला वर्णविपथन म्हणतात.

दोष केवढा, ते आकड्यांत पाहू. दुर्बिणींसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका क्राउन काचेचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशाला १.५१४३ आणि निळ्याला १.५२२४ आहे. फरक ०.००८१, म्हणजे किरकोळच वाटतो. पण या काचेचे १ मीटर नाभीय अंतराचे भिंग केले, तर निळ्याची आणि तांबड्याची नाभी एकमेकींपासून साडेपंधरा मिलिमीटर दूर पडतात. दोन्ही रंग एकाच वेळी रेखीव दिसणे अशक्य.

सतराव्या शतकातल्या ज्योतिर्विदांनी यावर एक उपाय काढला होता. नाभीय अंतर भिंगाच्या व्यासाच्या मानाने खूप वाढवले की दोष झाकला जातो. डान्झिगच्या हेवेलियसने या पायी सुमारे ४५ मीटर लांबीची दुर्बीण उभारली. दोन उंच माड एकावर एक ठेवावेत एवढी ही लांबी! जरा वारा सुटला की ती थरथरे. न्यूटनने भिंगाचा नादच सोडला आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली, कारण आरसा सगळे रंग सारखेच परतवतो. हे त्याचे बरोबर होते. चुकले ते पुढे. जी काच किरण जास्त वाकवेल ती त्याच प्रमाणात रंगही जास्त फाकवेल, म्हणून भिंगाचा हा दोष कधीच जाणार नाही, असे त्याने मानले. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द, त्यामुळे पुष्कळ वर्षे कोणी तो तपासून पाहिला नाही.

तपासले असते तर काय दिसले असते? क्राउन काच ही वाळू, चुना आणि सोडा किंवा पोटॅश यांची; चांगल्या प्रतीच्या क्राउनमध्ये बोरॉनही घालतात. फ्लिंट काचेत पूर्वापार शिशाचे ऑक्साइड घालत आले. (वाळू म्हटली की किनाऱ्यावरच्या मुलांना आपली पुळण आठवेल. ती चालत नाही. तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि काळी लोहमय रेती असते. आपल्या जिल्ह्यात सिलिका वाळू निघते ती कणकवली तालुक्यात कासार्ड्याच्या बाजूला.) नेहमीच्या एका फ्लिंट काचेचा अपवर्तनांक १.६२ आहे. म्हणजे क्राउनच्या मानाने ती किरण वाकवते सव्वापटीहूनही कमी, पण रंग फाकवते दुपटीहून जास्त. वाकवणे आणि फाकवणे एका प्रमाणात नाहीत! सगळी गंमत या विषमतेत आहे.

चेस्टर मूर हॉल या हौशी गृहस्थाने १७३३ च्या सुमारास ती हेरली. त्याने क्राउनचे बहिर्गोल आणि फ्लिंटचे अंतर्गोल अशी दोन भिंगे जोडायचे ठरवले. युक्ती फुटू नये म्हणून दोन भिंगांचे काम दोन वेगळ्या कारागिरांना दिले. त्या दोघांनीही ते एकाच तिसऱ्या कारागिराकडे सोपवले आणि युक्ती फुटलीच, असे सांगतात. १७५८ मध्ये जॉन डॉलंडने तिचे पेटंट मिळवले.

तुमच्यापैकी काहींना चष्मा असेल. चष्म्याचा 'नंबर' म्हणजे भिंगाची शक्ती. १ मीटर नाभीय अंतराच्या भिंगाचा नंबर +१. तो मिळवायला क्राउनचे भिंग +२.३१ नंबरचे आणि फ्लिंटचे −१.३१ नंबरचे घेऊ. बेरीज बरोबर +१ होते. आता रंगांचे पाहा. काच किरण जितका वाकवते त्याच्या मानाने रंग किती कमी फाकवते, हे दाखवणारा एक अंक असतो. त्याला आबे अंक म्हणतात. अंक मोठा तर फाकणे कमी. आपल्या क्राउनचा अंक ६४.२, फ्लिंटचा ३६.४. प्रत्येक भिंगाच्या नंबराला त्याच्या काचेच्या अंकाने भागा. दोन्हीकडे ०.०३६ येते, फक्त चिन्हे उलट! क्राउनने फाकवलेले रंग फ्लिंटने गोळा केले, पण वाकवणे +१ शिल्लक राहिले. कागदावर हे गणित एकदा स्वतः करून पाहाच.

या जोडभिंगाशी माझी चांगली ओळख झाली ती एका फजितीमुळे. आपल्याकडे खारी हवा आणि पावसाळा मिळून भिंगावर बुरशी धरतात. एकदा ऑक्टोबरात मी शाळेच्या दुर्बिणीचे पुढचे भिंग सोडवून पुसले. आत दोन काचा निघाल्या. एक हाताला चांगलीच जड लागली. ती फ्लिंट, शिशामुळे जड. पुसून परत बसवले ते उलटे, फ्लिंट बाहेरच्या बाजूला. त्या रात्री व्याध ताऱ्याला जांभळी किनार पूर्वीएवढीच होती, पण तारा टिंबासारखा दिसेना. फुगलेला, धूसर दिसू लागला. रंगांचा हिशेब काचांच्या जातीवर बेतलेला असतो, तो बिघडला नव्हता. रेखीवपणाचा हिशेब पृष्ठभागांच्या गोलाईवर आणि क्रमावर असतो, तो मी उलटा केला होता. तेव्हापासून भिंग सोडवण्याआधी काचांच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढतो.

पण जोडभिंग असूनही जांभळी किनार राहिलीच ना? राहिली, कारण ही जोडी फक्त दोन रंगांची नाभी एकत्र आणते. फ्लिंट काच वर्णपटाचे निळे टोक क्राउनच्या मानाने जास्तच ताणते. त्यामुळे तांबडा आणि निळा जुळवले तरी मधला हिरवट पिवळा थोडा अलीकडे आणि टोकाचा जांभळा बराच पलीकडे पडतो. १ मीटरच्या दुर्बिणीत तांबडा-निळा आणि मधला यांत सुमारे अर्धा मिलिमीटर अंतर उरते. साडेपंधरावरून अर्ध्यावर, हे काही थोडे नव्हे. आपला डोळा हिरवट पिवळ्याला सर्वांत तीक्ष्ण, म्हणून आपण दुर्बीण त्या रंगावर जुळवतो. न जुळलेले तांबडे आणि जांभळे मिसळून कडेला जांभळी झाक देतात. चंद्राची कड, गुरू, शुक्र अशा तेजस्वी वस्तूंभोवती ती उठून दिसते.

ही उरलेली झाक घालवायला वर्णपट वेगळ्या रीतीने ताणणारी काच हवी. जर्मनीत येना येथे एर्न्स्ट आबे आणि ऑटो शॉट यांनी १८८४ मध्ये अशा नव्या काचांसाठी कारखाना काढला. फ्लोराइट या खनिजाचा आबे अंक ९५ आहे. १८८६ मध्ये आबेने ते सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत वापरले. आज फ्लोरिनयुक्त काच जवळपास तेवढाच अंक देते आणि तिच्या दुर्बिणीत चंद्राची कड पांढरीच दिसते. किंमत मात्र शाळेला परवडणारी नाही. स्वस्तातला उपाय म्हणून कोणी पिवळी गाळणी लावतात. जांभळे जाते, पण सगळेच पिवळे होते. माझ्या मते रंग पाहायचे असतील तर तिच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा आरशाची दुर्बीण बरी.

आणखी एक सावधगिरी. शुक्र समुद्रावर खाली आलेला असताना त्याची एक बाजू तांबडी आणि समोरची निळी-हिरवी दिसते. हा दोष भिंगाचा नव्हे. क्षितिजाजवळचा हवेचा जाड थरच लोलकासारखा वागतो. भिंगाची किनार सगळीकडून असते, हवेची वर-खाली. म्हणून रंग पाहायचा तर ग्रह उंचावर असताना पाहावा.

काचेचा हा रंग फाकवण्याचा गुण दुर्बिणीत दोष ठरतो. मुद्दाम वापरला तर त्याच गुणाने वर्णपटदर्शक होतो. काचेचा लोलक प्रकाश फाकवतो आणि त्यातल्या रेषांवरून कोठले मूलद्रव्य जळते आहे ते कळते. या कामाला फ्लिंटच बरी, कारण ती जास्त फाकवते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जमखंडी, गुंटूर इत्यादी ठिकाणी निरीक्षकांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांकडे वर्णपटदर्शक रोखले. त्यांना चकाकत्या रेषा दिसल्या. त्यांतली पिवळी अनेकांना सोडियमची वाटली. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला लंडनमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहण नसताना त्या रेषा पाहिल्या, आणि पिवळी रेषा सोडियमच्या जागी नाही हे त्यांना आढळले. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. पृथ्वीवर तेव्हा माहीत नसलेले हे मूलद्रव्य म्हणजे हेलियम. १८९५ मध्ये रॅम्झीला ते एका खनिजात सापडले.

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि १८६८ साली हेलियम येथूनच दिसला असे सांगतात. सन थोडा चुकतो. लॉकयर १८६८ मध्ये इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेलपोमीनी' या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांनी मदतीला घेतले, त्यांच्याकडून आधी तालीम करून घेतली. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची! भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे त्यांनी लावले होते. ग्रहणात सूर्याच्या वातावरणाची बारीक कोर तेवढी उरते. लोलक तिचे रंग फाकवतो, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगाची एकेक वेगळी कोर छायाचित्रात उमटते. किनाऱ्यावर आमच्या दुर्बिणीने जे नको असताना केले, तेच येथे हवे म्हणून केले होते.

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत. काचेचा अपवर्तनांक १.५१६८ आहे असे कारखान्याच्या यादीत छापलेले असते, ते कोणत्या रंगासाठी? रंग ठरवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आबे अंक काढताना निळा आणि तांबडा हे हायड्रोजनच्या दोन रेषांचे घेतात, ४८६.१ आणि ६५६.३ नॅनोमीटरच्या. मधला पिवळा घेतात तो ५८७.६ चा, म्हणजे हेलियमच्या त्या पिवळ्या रेषेचा.