बॅटरी घेण्याआधी

शहापूर, जि. भंडारा

चि. बाबू यास,


तू पाठवलेली तिन्ही माहितीपत्रके वाचली. तिन्ही बॅटऱ्या लिथियमच्या, १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या, आणि तिन्हींची एकच ग्वाही: जुनी काढा, तिच्या जागी ही ठेवा, काम झाले. खोक्याच्या मापापुरते ते खरे आहे. पण मुक्कामासाठी तू तयार करतोस त्या ट्रॅव्हलर गाडीत ती जिथे बसणार, जो अल्टरनेटर तिला भरणार आणि ज्या वायरीतून ती वीज देणार, ते सारे शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी केलेले आहे. म्हणून भाव विचारण्याआधी गाडी बघ.

आधी उन्हाचे बोलतो. या विषयावरच्या लिखाणात थंडीचीच धास्ती जास्त दिसते, कारण घरासारखी गाडी घेऊन महिनोन्‌महिने फिरणारे लोक बहुतेक थंड मुलखातले. शून्याखाली चार्ज केले तर लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचते आणि सेल कायमचा बिघडतो, हे खरेच आहे. लडाख-स्पितीचा बेत असेल तर थंडीत चार्जिंग तोडणारीच बॅटरी घे. पण नवेगावबांधला पौषातल्या पहाटेसुद्धा पारा शून्यावर येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतात, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत ६० सहज. बहुतेक बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या आसपास असते. त्यापुढे आतली बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारी सर्किटपाटी, चार्जिंग थांबवते. छतावरचे सोलर जेव्हा सगळ्यात जास्त देते, नेमके तेव्हाच बॅटरी घ्यायला नाही म्हणणार! शिवाय साधारण दर १० अंशांमागे सेलची झीज दुपटीच्या घरात जाते. जाहिरातीत ३,००० किंवा ४,००० चक्रे लिहिलेली असतात ती २५ अंशांवरची, तुमसरच्या वैशाखातली नव्हेत.

तेव्हा माहितीपत्रकात सर्वांत आधी चार्जिंगचे तापमान शोध. ते छापलेच नसेल तर ते पत्रक बाजूला ठेव. बॅटरी बॉनेटजवळ नको, उन्हाने पत्रा तापतो त्या बाजूला नको. आत, जमिनीलगत, जाळीच्या पेटीत बसव, आणि हवा खेळायला एक लहान पंखा लाव. गाडी उन्हाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नकोस. निम्म्यावर आणून मेन स्विच बंद कर आणि गाडी सावलीत लाव. शिश्याच्या बॅटरीसाठी आपण नेमके उलटे शिकलो होतो, ती सवय मोडावी लागेल.

तुझ्या आईला आगीची भीती वाटते, तिचे चूक नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात विजेची स्कूटर पेटली ते तिने टीव्हीवर पाहिले आहे. पण लिथियमच्याही जाती आहेत. तुला घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी या आपल्याकडच्या संशोधकांनी १९९७ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध छापला. तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तापली तरी तो सहज सुटत नाही, म्हणून ती भडकायला फार अवघड. अवघड म्हटले, अशक्य नव्हे. शॉर्ट झाली तर ही बॅटरी क्षणात हजारो अँपिअर ओतते. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभरावर क्लास-टी फ्यूज हवाच. मोटारीतला साधा पातीचा फ्यूज एवढा प्रवाह तोडेलच याची खात्री नाही. इथे पैसे वाचवू नकोस.

आता अल्टरनेटर. शिश्याची बॅटरी भरत आली की आपोआप कमी घेऊ लागते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती शेवटपर्यंत मिळेल तेवढे ओढते. घाटात कमी वेगाने चढताना, पंख्याला वारा नसताना, अल्टरनेटर तासभर पूर्ण भारावर राहिला तर गुंडाळी जळू शकते. त्यात भरल्यावर बीएमएसने अचानक तोडले की व्होल्टेजची उसळी येते आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. नागपूरच्या एका गॅरेजात अशी गाडी मी पाहिली आहे. मालक बॅटरीला शिव्या देत होता, ती बिचारी शाबूत होती. उपाय एकच, मधे डीसी-डीसी चार्जर, ३० अँपिअरचा पुरे. बीएस-सहाच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज खालीवर होत असते, त्यालाही तोच इलाज. इंजिन सुरू करायची बॅटरी शिश्याचीच राहू दे, आणि दोन्ही कधी एकमेकींना थेट जोडू नकोस. घरचा जुना इन्व्हर्टर गाडीत लावायचा विचार असेल तर त्यात लिथियमचा मोड आहे का ते बघ. शिश्याच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठीचे १५ व्होल्टपुढचे इक्वलायझेशन चार्जिंग हिला चालत नाही, हिची हद्द १४.२ ते १४.६.

किती मोठी घ्यावी? १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज आपल्या उन्हात दिवसाला ५०-६० अँपिअर-तास खाईल. २८ वॅटचा पंखा बारा तास म्हणजे २६. दिवे, पंप, मोबाइल, लॅपटॉप मिळून २०-२५ धर. शंभराच्या घरात गेलो. म्हणून पत्रकांतली १०० ची पुरणार नाही, २०० ची घे, आणि छतावर ४०० वॅटचे पॅनल. २०२१ च्या राज्याच्या कॅरॅव्हॅन धोरणात वीज-पाण्याची सोय असलेल्या पार्कची कल्पना आहे, पण अभयारण्याच्या पिटेझरी फाटकाबाहेरच्या गावात मुक्काम केलास तर तुला आपल्याच छतावर भिस्त ठेवावी लागेल. एसीचा हट्ट सोड: एक टनाचा एसी शंभरेक अँपिअर ओढतो, दोन तासांत सगळे आटोपेल. इंडक्शनचेही तसेच. १५०० वॅटला १३० अँपिअर लागतात आणि पुष्कळ बॅटऱ्यांची बीएमएस १०० ची असते. भात शिजण्याआधीच अंधार. स्वयंपाकाला गॅसच बरा पडेल.

दुकानात वजनकाटा वापर, सेल्समनचे बोलणे नंतर ऐक. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत नुसते सेलच सुमारे ८ किलोचे असतात, खोक्यासह १० ते १३ भरायला हवेत. सहा-सात किलोची निघाली तर परत ठेव. विकत घेतल्यावर पूर्ण भर, हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन हॅलोजन बल्ब लाव आणि घड्याळ बघ. साडेनऊ-दहा अँपिअर जातील; दहा तासांच्या आसपास उजेड राहिला तर माल खरा. सात तासांत बंद पडली तर बिल घेऊन लगेच जा. हे आकडे १०० च्या बॅटरीचे; २०० च्या बॅटरीला वजन आणि तास दोन्ही दुप्पट धर. वॉरंटी देणाऱ्याचे सर्व्हिस सेंटर भारतात आहे का तेही विचार, कारण लिथियम बॅटरी कुरिअरने पाठवायला बरेच जण तयार होत नाहीत.

जुन्या सवयीने व्होल्टमीटर बघून किती उरली ते ठरवू नकोस. ९० टक्क्यांपासून ३० पर्यंत तिचे व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, आणि अगदी शेवटी एकदम कोसळते. शंटवाला मीटर लाव, तो येणारे-जाणारे अँपिअर मोजून हिशेब ठेवतो.

आरटीओची मंजुरी आणि विमा कंपनीला कळवणे हे तुझ्या वडिलांवर सोपव, त्यांना कागदांची हौस आहे. तू मला दोन गोष्टी पाठव: अल्टरनेटरच्या पट्टीवरचा अँपिअरचा आकडा आणि मागच्या सीटखालच्या पेटीची लांबी-रुंदी-उंची. आणि हो, कुठल्याही रविवारी दुपारी दोनला, गाडी तासभर उन्हात बंद ठेवून, त्या पेटीत थर्मामीटर टाकून बघ. तो आकडाही लिहून पाठव. मग कोणती घ्यायची ते ठरवू.

तुझे,
मोठेबाबा