डिंकातली मुंगी आणि ५.४ कोटी वर्षांपूर्वीचं चिलट



वर्गात जीवाश्मांचा विषय सुरू होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पिक्चरमध्ये दाखवतात तसं डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर बनवता येतो का?" पोरं हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्यात एक पूर्ण पाठ दडलेला आहे. तो पाठ कसा घेता येईल, ते आज पाहू.

सुरुवात बाभळीपासून करा

धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना बाभळीचा डिंक नवा नाही. त्यात अडकलेली मुंगीही कुणीतरी पाहिलेली असतेच. मुलांना विचारा, "ही मुंगी लाखो वर्षं टिकेल का?" उत्तर आहे, नाही. डिंक पाण्यात विरघळतो. दोन पावसाळे झाले की डिंकही गेला आणि मुंगीही गेली.

राळ मात्र वेगळी. ती पाण्यात विरघळत नाही. झाडाच्या जखमेतून राळ वाहते, किडा चिकटतो, वरून आणखी थर बसतो. पुढं हा गोळा चिखलात गाडला गेला, तर त्यातले उडून जाणारे घटक निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लाखो वर्षांत राळेचा टणक, पिवळसर, पारदर्शक खडा होतो. हाच अंबर, म्हणजे तृणमणी. घासल्यावर तो गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी.

आपल्या जिल्ह्यात सापडेल का?

हा प्रश्न मुलं विचारणारच. बालाघाटचे डोंगर आणि नळदुर्गच्या किल्ल्याचा काळा दगड हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बसाल्ट आहे. तापलेल्या लाव्ह्यात राळ कशी टिकणार? तृणमणी शोधायचा तर गाळाच्या खडकात आणि लिग्नाइट कोळशात शोधावा लागतो.

असा कोळसा गुजरातमध्ये सुरतजवळ वस्तान आणि तडकेश्वर इथल्या खाणींत आहे. तिथल्या तृणमणीवरचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १५० किलोंहून जास्त तृणमणी गोळा केला होता आणि त्यात कीटक, कोळी असे ७०० च्या वर जीव मिळाले. ही राळ ज्या झाडांची होती, त्याच कुळात आजचा साल वृक्ष येतो. पूजेच्या दुकानात मिळणारी राळ मूळची याच सालाची. म्हणजे आपल्या घरातला वास त्या जंगलाशी नातं सांगतो!

पंखावर पिशवी असलेलं चिलट

२०१६ मध्ये याच तृणमणीतल्या एका मादी चिलटाचं वर्णन जगापुढं आलं. अभ्यास करणाऱ्यांत जर्मनी आणि पोलंडच्या शास्त्रज्ञांबरोबर लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेचे हुकम सिंग होते. नाव ठेवलं कॅम्प्टोप्टेरोहेलिया ओडोरा. ओडोरा म्हणजे गंध असलेली. वय सुमारे ५.४ कोटी वर्षं.

हे चावणाऱ्या चिलटांच्या कुळातलं. या कुळातले कीटक साधारण १ ते ३ मिलिमीटरचे. हिच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी पिशवी आहे. नराला बोलावणारा गंध त्यातून हवेत सोडला जात असावा, असं शास्त्रज्ञांचं मत आहे. इथं मुलांना थांबवा आणि विचारा, "पिशवी दिसली हा पुरावा झाला. मग गंध सोडत होती, हे काय?" तो अनुमान. पुरावा आणि अनुमान यातला फरक मुलांना कळला, तर पाठ सार्थकी लागला समजा.

आता डायनासोरचं उत्तर

पहिलं, पक्षी वगळता डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले. आपलं चिलट त्यानंतर १ कोटीहून जास्त वर्षांनी आलं. त्याला डायनासोर कुठून भेटणार?

दुसरं, म्यानमारच्या ९.९ कोटी वर्षं जुन्या तृणमणीत डायनासोरच्या पिसाला धरून बसलेली गोचीड सापडली आहे. २०१७ मध्ये ती जाहीर झाली. म्हणजे डायनासोरांनाही गोचीड होती, हे खरं. पण डीएनए टिकत नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात डीएनएचे निम्मे बंध सुमारे ५२१ वर्षांत तुटतात असं दिसलं. पुढच्या ५२१ वर्षांत उरलेल्याचे निम्मे. कोट्यवधी वर्षांनी काय उरेल, हे मुलांनाच फळ्यावर करू द्या. तृणमणी रूप जपतो, डीएनए जपत नाही.

गोठ्याशी नातं

पालकांसाठी हा भाग महत्त्वाचा. डोळ्यांपुढं घोंगावणारी सगळीच चिलटं चावत नाहीत. पण या प्राचीन कुळातले क्युलिकॉइडिस नावाचे कीटक आजही रक्त पितात. त्यांच्या माद्याच चावतात, आणि मेंढ्या-शेळ्यांत नीलजिव्हा रोग पसरवतात. भारतात हा रोग प्रथम नोंदला गेला तो १९६४ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात. उस्मानाबादी शेळीवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट पुस्तकातली नाही. ही चिलटं ओल्या चिखलात, शेणात वाढतात. म्हणून गोठ्याभोवती पाणी साचू देऊ नका, शेण वेळेवर उचला. मेंढीला ताप आला, तोंड सुजलं, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

याच कुळातले काही कीटक कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात. ते नसतील तर चॉकलेटही नाही, हे सांगा. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

वर्गात करून पाहा

१. दोन ग्लास पाणी घ्या. एकात बाभळीचा डिंक, दुसऱ्यात राळेचा खडा टाका. दुसऱ्या दिवशी दोन्हींची नोंद मुलांनी स्वतः करावी.

२. प्लॅस्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासून कागदाचे कपटे उचला. तृणमणी हेच करतो.

३. वहीत दोन रकाने करा, 'दिसलं' आणि 'वाटलं'. चिलटाची माहिती त्यात वाटून लिहा.

आणि मूल उद्या डिंकात चिकटलेला किडा घरी घेऊन आलं, तर "टाक ती घाण" म्हणू नका. आधी विचारा, "हा इथं कसा अडकला असेल रे?"