दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पडद्यावरचा नकाशा

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी माझ्या आईच्या पित्ताशयात खडे निघाले. "दुर्बिणीने काढू," असे डॉक्टर म्हणाले. आईने भीतीपोटी दोन महिने टाळाटाळ केली. "पोट न उघडता त्यांना आतलं दिसणार कसं?" हा तिचा प्रश्न. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. म्हणून उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले. वैद्यक हा माझा विषय नव्हे, तरी जे समजले ते येथे मांडते.

या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत जातात आणि डॉक्टर पडद्याकडे पाहून काम करतात. पित्ताशय असे काढण्याचा पहिला प्रयोग जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ साली केला. भारतात ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी तो यशस्वी केला. त्याच रुग्णालयात १९७२ पासून ते दुर्बिणीने रोगनिदान करीत होते.

जखम लहान झाली, पण डॉक्टरांच्या बोटांचा स्पर्श गेला. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही आणि पृष्ठभागामागचे दिसत नाही. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर रोग्याच्या जिवावर बेतते.

यावर शोधलेला एक उपाय म्हणजे 'ऑगमेंटेड रिॲलिटी', अर्थात वाढीव वास्तव. आधी काढलेल्या स्कॅनवरून अवयवांची त्रिमितीय आकृती तयार करून ती प्रत्यक्ष दृश्यावर बसवायची. म्हणजे यकृताच्या आतील रक्तवाहिनी किंवा गाठ वरूनच दिसावी. १९९८ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात हेन्री फुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर घालायच्या पडद्याची रचना मांडली. तीत दुर्बिणीचे दृश्य दूरच्या पडद्याऐवजी रोग्याच्या शरीरातच, जागच्या जागी दिसावे, असा प्रयत्न होता.

माझे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत. हे ऐकून ते म्हणाले, "पोरी, ड्रॉइंग खरं, पण जॉब तापला की माप बदलतं. माप जॉबवरच घ्यावं लागतं." नेमकी हीच अडचण आहे! कवटी कठीण असल्याने तिच्यावर नकाशा बराचसा नीट बसतो. यकृत मऊ, ते श्वासाबरोबर हलते, वायूच्या दाबाने व हत्याराच्या धक्क्याने आकार बदलते. स्कॅन मात्र आधीच्या दिवसाचा. नकाशा थोडा सरकला तरी तो डॉक्टरांची दिशाभूल करील.

म्हणून त्या क्षणीचे दृश्य देणारी पद्धतही वापरतात. इंडोसायनीन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देतात. यकृत ते पित्तात सोडते आणि विशिष्ट कॅमेऱ्याखाली पित्तनलिका चमकते. येथे नकाशा बसवावा लागत नाही. नळी स्वतःच आपली जागा दाखवते.

हे सारे मी आईला सांगितले. पुढच्या भेटीत तिने डॉक्टरांना स्वतःच विचारले, "नळी ओळखू नाही आली तर?" ते म्हणाले, "तर थांबू, आणि गरज पडली तर पोट उघडू. त्यात कमीपणा नाही."

आईच्या शस्त्रक्रियेत ना वाढीव वास्तव होते, ना रंगद्रव्य. साधा कॅमेरा आणि पडदा होता. पण संमतीच्या कागदावर तिने सही केली ती सगळे विचारून, समजून.