आधी बूड बघ

बंदूकधारी गार्ड म्हणून लागलास, बरं झालं बाळा. आता मामाचं एक ऐक. काडतूस हातात आलं की पेटीवरचा आकडा मागाहून वाच, आधी ते उलटं धरून बूड बघ.

काडतुसाच्या पुंगळीची बुडाकडची बांधणी दोन गोष्टींसाठी असते. काडतूस चेंबरात कुठं थांबणार आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी कशाला धरून बाहेर ओढणार. एवढं कळलं की बाकीचे आकार आपोआप उलगडतात.

थ्री नॉट थ्री घे. १८८८ पासूनचं काडतूस. त्याच्या बुडाची कड, म्हणजे रिम, पुंगळीच्या बाहेर आलेली असते. चेंबरच्या तोंडाशी ती कड टेकली की काडतूस थांबलं. चेंबर थोडं झिजलं, धूळ गेली, तरी निभावतं. पण मॅगझीनमध्ये हीच कड छळते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागं गेली की बोल्ट पुढं जाताना वरचं खालच्याला घेऊन येतं आणि दोन्ही अडकतात. म्हणून भरताना वरच्याची कड नेहमी खालच्याच्या पुढं. हे अंधारात, नुसत्या बोटांनी जमलं पाहिजे.

सेल्फ लोडिंग रायफलीचं ७.६२ बघ. इथं कड पुंगळीच्या अंगाबरोबर, आणि तिच्या वर एक खाच. त्याला रिमलेस म्हणतात, पण रिम असते बरं का, फक्त बाहेर येत नाही. पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा दात त्या खाचेतून कड पकडतो. मॅगझीनमध्ये कडा एकमेकींत अडकत नाहीत. मात्र काडतूस थांबतं ते मानेखालच्या खांद्यावर. त्यामुळं खांदा चेपलेलं काडतूस वापरायचं नाही, बाजूला ठेवून वरिष्ठांना दाखवायचं. चीनच्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्री रायफलीच्याच घाटाची ७.६२ रायफल बनली. लांबून दोघी जुळ्या बहिणी! मग ओळखणार कशावरून? नळीवरचा शिक्का वाच आणि काडतुसाचं बूड बघ.

एनसीसीत तू .२२ चालवलीस ना? तिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी मसाल्याची टोपी नसतेच. पेटणारा मसाला कडेच्या घडीत भरलेला असतो, म्हणून घोड्याचा दणका काठावर बसतो. ती रायफल रिकामी असताना उगाच घोडा ओढत बसू नको. पिन चेंबरच्या काठावर आपटून खराब होते.

परवान्यावाल्यांत सगळ्यांत जास्त घोळ ‘बत्तीस’चा. .३२ रिव्हॉल्व्हरची पुंगळी लांब, कड ठळक बाहेर. .३२ पिस्तुलाची आखूड, कड जेमतेम बाहेर आणि वर खाच. आकडा एक, काडतुसं दोन. दुकानात नुसतं ‘बत्तीस द्या’ म्हणणारा माणूस मला अडाणीच वाटतो, मग त्याच्या कमरेला कितीही महागाची वस्तू असो.

बुडावरची अक्षरंही वाचत जा. ‘केएफ’ म्हणजे खडकी, १८६९ पासूनचा कारखाना. ‘ओएफव्ही’ म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. सोबत बहुधा सालाचे आकडे असतात, त्यावरून माल किती जुना ते कळतं.

आता तुझी रोजची बारा बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरात घातलं तर त्याची कड तोंडाशी थांबत नाही. ते आत सरकून पुढं अडकतं. वरून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. त्यावर बाराचं घालून बार काढला तर नळी तुझ्या डाव्या हातात फुटेल. याच भीतीनं बाहेरच्या देशांत वीसची काडतुसं पिवळी ठेवतात. पण रंगावर जाऊ नको, बूड वाच.

पट्ट्यात दोन बोअरची काडतुसं कधीच एकत्र नकोत. आणि घोडा पडूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांब. मग बंदूक उघड, काडतूस काढ, आणि दुसरं भरण्याआधी चेंबरच्या बाजूनं नळीतून आरपार उजेड दिसतोय का ते बघ.