‘थिएट्रोफाइल’ म्हणजे कोण?

नाटकाची मनापासून आवड असणाऱ्यास इंग्रजींत ‘थिएट्रोफाइल’ म्हणतात. शब्दाचीं मुळें ग्रीक आहेत. ‘थिएट्रॉन’ म्हणजे पाहण्याचें स्थान व ‘फिलॉस’ म्हणजे प्रेम करणारा. आपल्या ‘प्रेक्षक’ शब्दाच्या मुळाशींही पाहणेंच आहे. परंतु प्रेक्षक एका रात्रीपुरताही असूं शकतो, थिएट्रोफाइलाची ओढ टिकाऊ असते.

मराठींत त्यास ‘नाटकी’ म्हणूं नये. तें ढोंग्याचें विशेषण आहे. ‘नाटकवेडा’ या शब्दांत अतिरेक सूचित होतो. आम्हांस ‘नाट्यरसिक’ हाच नेमका प्रतिशब्द वाटतो. कारण रसिकास आवडीबरोबर गुणदोषांचीही पारख असते.

१८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तें राजाश्रयानें. पुढें तो आश्रय सरल्यावर मराठी नाटक जगविलें, तें तिकीट काढून येणाऱ्या रसिकांनीं.

म्हणून आमच्या उमरखेडांतील एखादा मुलगा नाटकाच्या नादानें ‘बिघडला’ असें म्हणण्यापूर्वीं पालकांनीं योग्य शब्द निवडावा. आणि आपण रसिक आहों कीं केवळ नाटकी, हें मुलानेंही स्वतःस विचारावें.